‘प्रश्न उद्भवत नाही’ : मंत्र्यांच्या लेखी उत्तरांची एकशे तीस वर्षं

आपल्या एसटी स्टँडसमोर मध्यंतरी एक फ्लेक्स लागला होता. संसदेत अमुक इतके प्रश्न विचारून मतदारसंघाचा आवाज बुलंद केल्याबद्दल अभिनंदन, खाली नेहमीसारखी वीस-पंचवीस शुभेच्छुकांची तोंडं. खाली चहाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या एका काकांनी वर बघितलं आणि सहज म्हणाले, "प्रश्न विचारले हे बरं झालं. पण उत्तरं काय आली? ती का नाही छापली?"

सगळे हसले. पण काकांचा प्रश्न डोक्यात राहिला. कारण खरंच, आपण खासदारानं किती प्रश्न विचारले हे मोजतो. मंत्र्यानं काय उत्तर दिलं हे कुणी वाचत नाही. आणि या उत्तरांचा इतिहास काढून बसलो तर त्यात एका अर्थमंत्र्याचं पद गेलेलं दिसतं, एका माजी पंतप्रधानांची खासदारकी गेलेली दिसते, आणि आपल्या कितीतरी माणसांचं मरण ‘माहिती उपलब्ध नाही’ या तीन शब्दांत बसवलेलंही दिसतं.

लांब पोस्ट आहे. सवडीनं वाचा.

आधी थोडी तोंडओळख, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

संसदेत प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. टीव्हीवर दिसतो तो हा. दुसरा अतारांकित. त्याचं उत्तर लेखी येतं, सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं, त्यावर उपप्रश्न नाही, चर्चा नाही. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. त्या वीसातले पाच-सात प्रश्न तासाभरात झाले तरी खूप. उरलेल्या तारांकितांचीही उत्तरं लेखीच पटलावर जातात. म्हणजे सरकार संसदेला जी उत्तरं देतं, त्यातली जवळपास सगळी लेखी असतात. आपण बघतो ती आरडाओरड म्हणजे हिमनगाचं टोकसुद्धा नाही.

आता मागे जाऊ. पार १८८५ ला.

डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं, पण पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हललं. ७२ प्रतिनिधी. स्वराज्य वगैरे शब्द अजून फार लांब होते. पण तिथे जो तिसरा ठराव झाला, तो आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मांडला. कायदेमंडळं सुधारा, त्यात निवडून आलेली माणसं घ्या, आणि त्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायचा हक्क द्या, ही त्यातली मागणी.

विचार करा. मतदानाचा हक्क नाही, सत्ता नाही, आणि ही माणसं मागतायत काय, तर प्रश्न विचारायचा हक्क. कारण तोपर्यंत परिस्थिती अशी होती की १८६१ च्या कायद्यानं कौन्सिलं आली होती, त्यात काही हिंदी माणसंही नेमली जात, पण समोर आलेल्या विधेयकापलीकडे तोंड उघडायची सोय नव्हती. हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल प्रश्न विचारायचा तर तो लंडनला, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये. तेही एखादा सहानुभूती असलेला खासदार मिळाला तर. चार्ल्स ब्रॅडलॉ हा त्यातला मोठा माणूस. तो हिंदुस्थानचे इतके प्रश्न मांडायचा की लोक त्याला ‘हिंदुस्थानचा खासदार’ म्हणत. १८८९ ला तो मुंबईच्या अधिवेशनाला आलाही होता. पुढे १८९२ ला दादाभाई नौरोजी स्वतःच तिथे निवडून गेले.

त्याच १८९२ साली कायदा बदलला आणि इथल्या कौन्सिलांत प्रश्न विचारायची मुभा मिळाली. मुभाच म्हणायची, कारण अटी बघा : आधी नोटीस द्यायची, अध्यक्षाला वाटलं तर तो प्रश्न नाकारणार, उत्तरावर चर्चा करायची नाही आणि उपप्रश्न तर नाहीच. सरकार देईल ते उत्तर घ्यायचं आणि गप्प बसायचं.

१६ फेब्रुवारी १८९३ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते भिंगा संस्थानचे राजे. आणि विषय? दौऱ्यावर आलेल्या साहेबांच्या छावणीला रसद पुरवावी लागते, त्यात खेड्यातल्या दुकानदारांचे जे हाल होतात त्यांचा. एका राजानं विचारलेला हा या देशातला पहिला प्रश्न गावच्या वाण्याबद्दल होता. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रश्नाचं काम तेव्हापासून हेच आहे : ज्याला त्या दालनात शिरता येत नाही त्याचं गाऱ्हाणं तिथल्या कागदावर चढवणं.

याच अटींखाली टिळक १८९५ ते १८९७ मुंबई कौन्सिलात बसले आणि नंतर गोखलेही. १९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्न विचारायची परवानगी दिली, पण फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली. म्हणजे पहिल्या ठरावापासून मंत्र्याला ‘पण मग असं कसं?’ एवढं विचारायच्या पूर्ण हक्कापर्यंत यायला चौतीस वर्षं लागली.

‘तारांकित’ हा शब्दही तिकडूनच आलाय. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्नांची संख्या इतकी वाढली की कामकाज खोळंबायला लागलं. तेव्हा १९०२ साली नियम केला : ज्याला तोंडी उत्तर हवं त्यानं प्रश्नावर तारा काढायचा. तारा नसेल तर उत्तर लेखी मिळेल. लेखी उत्तराचा जन्म असा सरकारच्या सोयीतून झाला. मंत्र्याचा वेळ वाचावा म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्वातंत्र्यानंतर काय झालं?

पहिला दणका मुंबईशीच जोडलेला. १९५१. हंगामी संसदेत एच. जी. मुद्गल नावाचे मुंबईचे काँग्रेस सदस्य होते. बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा आरोप त्यांच्यावर आला. मुद्गल नेहरूंच्याच पक्षाचे. तरी चौकशी समितीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. आरोप खरा ठरला. हकालपट्टी होणार हे दिसल्यावर मुद्गलांनी राजीनामा दिला. ती चौकशी समिती ज्यांच्या अध्यक्षतेखाली होती त्यांचं नाव टी. टी. कृष्णमाचारी. हे नाव विसरू नका.

(पुढे २००५ च्या डिसेंबरात छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेताना अकरा खासदार सापडले आणि सगळ्यांची हकालपट्टी झाली. त्यात महाराष्ट्रातलेही होते. लोक म्हणतात, लेखी प्रश्नाला कोण विचारतो? अहो, फुकटची गोष्ट कुणी विकत घेत नाही. व्यापाऱ्याला त्याची किंमत कळते, मतदाराला कळत नाही, एवढाच फरक.)

सहा वर्षांनी, १९५७ मध्ये, तेच कृष्णमाचारी अर्थमंत्री होते. एलआयसी नुकतीच, १९५६ साली स्थापन झालेली. लोकांच्या विम्याचा पैसा सरकारी झालेला. कलकत्त्याचा एक उद्योगपती, हरिदास मुंदडा. त्याच्या ताब्यातल्या सहा कंपन्यांचे शेअर एलआयसीनं एका झटक्यात, साधारण सव्वा कोटी रुपयांना घेतले. त्या काळचे सव्वा कोटी. कंपन्यांची तब्येत बरी नव्हती आणि मुंदडाची कीर्तीही.

सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंग आणि आणखी काही सदस्यांनी लोकसभेत प्रश्न टाकला : एलआयसीचा पैसा अशा खासगी धंद्यात गेलाय हे खरं का? अर्थखात्याकडून उत्तर आलं ते उडवून लावणारं. शब्दांत पकडता येणार नाही असं बेतलेलं, पण ज्याला खरी माहिती हवी त्याच्या हातात काहीच न देणारं. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आला. पुन्हा पूर्ण चित्र मिळालं नाही. मग १६ डिसेंबरला फिरोझ गांधी उभे राहिले. काँग्रेसचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. त्यांनी आधीची उत्तरं आणि आपल्याकडची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली. बस्स.

चौकशी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. सुनावणी मुंबईत, जाहीरपणे, लोकांसमोर झाली. महिन्याभरात अहवाल तयार. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींचा राजीनामा. मंत्र्यानं ‘हे माझ्या सचिवानं केलं’ म्हणून हात झटकायचे नाहीत, जबाबदारी मंत्र्याचीच, हे छागलांचं सूत्र पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच अहवालात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या विषयाची आहे. त्याचा मथितार्थ असा : संसदेला मंत्र्यांनी अगदी सुरुवातीलाच विश्वासात घ्यावं आणि सगळी माहिती समोर ठेवावी, कारण तीच माहिती नंतर दुसऱ्या वाटेनं संसदेत पोचली की अडचण जास्त होते.

म्हणजे कृष्णमाचारींना तो व्यवहार तर भोवलाच, पण त्याबद्दलची अर्धी उत्तरंही भोवली. पहिल्याच प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असतं तर फार तर दोन दिवस आरडाओरड झाली असती.

आता दुसरी बाजू. उत्तर लिहितं कोण?

मंत्री लिहीत नाही, हे उघड आहे. खासदारानं किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची. सचिवालय प्रश्न नियमात बसतो का बघतं : फार लांब नको, न्यायप्रविष्ट नको, मुख्यतः राज्य सरकारच्या अखत्यारीतला नको. नोटिसा मर्यादेपेक्षा फार येतात, म्हणून सोडत निघते. मग प्रश्न संबंधित मंत्रालयात जातो आणि एखाद्या कक्षातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पडतो. त्या दिवसांत त्या टेबलावर बाकी फायली बाजूला. खालच्या कार्यालयांकडून, महामंडळांकडून, राज्यांकडून आकडे मागवायचे, मसुदा करायचा, तो पायरी पायरीनं वर चढवायचा, शेवटी मंत्र्याची मान्यता घ्यायची. ज्यांनी सरकारी कचेरीत अधिवेशनाच्या काळात काम केलंय त्यांना विचारा. ‘अधिवेशनाचा प्रश्न आहे’ असं म्हटलं की झोपलेली फाइल उठून बसते.

या टेबलावरच्या माणसाचं महत्त्व किती, हे १९७५ मध्ये दिसलं. मारुती कंपनीबद्दल लोकसभेत एक प्रश्न आला होता. तेव्हाची मारुती म्हणजे संजय गांधींची. उत्तरासाठी माहिती गोळा करायचं काम चार अधिकाऱ्यांकडे होतं. ते काम करत होते म्हणून त्यांना त्रास देण्यात आला, त्यांच्यामागे सीबीआय लावण्यात आली. आणीबाणी संपली, सरकार बदललं, आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये मधु लिमयेंनी (पुण्याचे, पण बिहारमधून निवडून येणारे) हा विषय हक्कभंग म्हणून मांडला. त्यांचा मुद्दा सरळ होता : प्रश्नाचं उत्तर तयार करणारा अधिकारी त्या वेळी संसदेचं काम करत असतो. त्याला धमकावणं म्हणजे संसदेला धमकावणं.

हक्कभंग समितीनं ते मान्य केलं. इंदिरा गांधी नुकत्याच चिकमगळूरहून निवडून आल्या होत्या. १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेनं त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा दिली. ही शिक्षा योग्य होती की सूडाची होती, यावर आजही वाद घालता येईल. १९८१ मध्ये पुढच्या लोकसभेनं तो ठराव रद्दही केला. पण एवढं नक्की, की या देशात एका माजी पंतप्रधानांची खासदारकी गेली ती एका प्रश्नाच्या उत्तराची माहिती गोळा होताना अडथळा आणला या ठपक्यावरून.

आता येऊ उत्तरांच्या भाषेकडे. इतक्या वर्षांत ती भाषा चांगलीच मुरलीय. आपल्या विधानसभेतली पुस्तिका बघितलीत तर प्रश्नाचा साचा ठरलेला : ‘हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तराचा साचाही : ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ दिल्लीतही तेच, फक्त हिंदी-इंग्रजीत.

यातले नेहमीचे चार प्रकार सांगतो.

एक : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ खासदारानं चार भाग विचारलेले असतात. पहिला भाग, अमुक झालं का? उत्तर, नाही. मग ‘झालं असेल तर का, किती, कुठे’ हे उरलेले तिन्ही भाग एका वाक्यात गळून पडतात. पत्त्यांच्या बंगल्यातला खालचा पत्ता काढल्यासारखं. यात मंत्र्याचा चलाखपणा असतोच, पण बऱ्याचदा प्रश्न लिहिणाऱ्याचा आळसही असतो.

दोन : ‘हा राज्याचा विषय आहे.’ बऱ्याच वेळा खरंही असतं. पण मग ज्या योजनेचा पैसा दिल्लीतून येतो आणि जिच्या जाहिरातीवर दिल्लीचा फोटो असतो, तिचा हिशेब विचारल्यावरच राज्यघटना का आठवते, हे विचारायला हवं.

तीन : ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल.’ हे ऐकायला टोलवाटोलवी वाटतं, पण नियमानं हे आश्वासन असतं. लोकसभेनं १९५३ पासून यासाठी वेगळी समिती ठेवलीय, शासकीय आश्वासन समिती. ‘विचाराधीन आहे’, ‘चौकशी करतो’, ‘बघतो’ अशी कुठली वाक्यं आश्वासन धरायची याची यादीच तयार आहे. अशी वाक्यं उचलायची, वहीत नोंदवायची आणि तीन महिन्यांत पुरी केली का ते विचारायचं, हे समितीचं काम. मंत्रालयं मुदतवाढ मागतात, आश्वासन वगळा अशी विनंती करतात, वर्षानुवर्षं लटकवतात, सगळं होतं. पण वही असते.

चार : ‘अशी माहिती ठेवली जात नाही.’ हा सगळ्यात वाईट. याच्यावर जरा थांबू.

८ मे २०२०. औरंगाबाद-जालना मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली पोरं, जालन्याहून चालत निघालेली. घरी जायला गाडी मिळेल म्हणून भुसावळकडे. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय. नाही विसरता येत.

सप्टेंबरात संसद भरली. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. फक्त लेखी प्रश्न. म्हणजे मंत्र्याला उभं करून ‘पण मग असं कसं?’ विचारायची सोय नाही. जवळजवळ १८९३ च्याच अटी.

१४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं : घरी परतताना किती स्थलांतरित मजूर गेले? लेखी उत्तर : अशी माहिती उपलब्ध नाही. त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? उत्तर : वरील पाहता प्रश्न उद्भवत नाही.

आकडा नाही म्हणून मेलेला माणूस नाही. माणूस नाही म्हणून भरपाई नाही. दोन ओळींत सोळाही गेले आणि बाकीचे किती ते कुणास ठाऊक.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचं लेखी उत्तर आलं. त्यात आकडा होता : ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांत प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू. राज्यांच्या पोलिसांकडून आलेल्या माहितीवरून काढलेला.

देश तोच, सरकार तेच, आठवडा तोच. एका मंत्रालयाकडे माहिती नाही आणि दुसऱ्याकडे आकडा तयार. हे कसं झालं? ‘परतताना किती मेले’ हे कुणाच्याच रजिस्टरात बसत नव्हतं, म्हणून श्रम मंत्रालय सुटलं. ‘या गाड्यांत, इतक्या तारखेपर्यंत किती’ असं विचारल्यावर ते रजिस्टर रेल्वेकडे निघालं, आणि मग रेल्वेला सुटता आलं नाही. करमाडचे सोळा मात्र या ९७ मध्येही नाहीत. ते गाडीत नव्हते ना, गाडीखाली होते.

वर्षभरानं, २० जुलै २०२१ ला, राज्यसभेत असंच झालं. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन न मिळाल्यानं किती रुग्ण गेले? लेखी उत्तर : ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वानं कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री भारती पवार, दिंडोरीच्या खासदार, नाशिक जिल्ह्यातल्या. तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले होते. आता कुणी म्हणेल, ती गळती, तो तुटवडा नव्हे. बरोबर. नेमकं असंच लेखी उत्तर चालतं. आणि हे एका पक्षाचं पाप समजू नका. महाराष्ट्रात तेव्हा दुसऱ्यांचं सरकार होतं, त्यांचीही भूमिका हीच होती की ऑक्सिजनच्या तुटवड्यानं राज्यात मृत्यू नाही. केंद्र म्हणालं राज्यांनी कळवलं नाही, आणि राज्यांना कळवायचं नव्हतं. एकमेकांच्या कागदावर दोघं सुटले.

मग या सगळ्याचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. काकांचाही प्रश्न तोच होता.

माझं उत्तर असं. लेखी उत्तर खरं बोलायला भाग पाडतं असं नाही. ते सरकारला तारखेसह, मंत्र्याच्या नावासह, कागदावर काहीतरी बोलायला भाग पाडतं. सभेतलं भाषण उलटवता येतं, टीव्हीवरचं ‘विपर्यास केला’ म्हणून झटकता येतं. पटलावर ठेवलेलं उत्तर मागे घेता येत नाही. चुकलं असेल तर मंत्र्याला सभागृहात येऊन दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंग. अतारांकित उत्तरावरूनसुद्धा, विषय पुरेसा महत्त्वाचा असेल तर, लोकसभेत अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. फिरोझ गांधींनी काय वेगळं केलं? आधीची उत्तरं जपून ठेवली आणि खऱ्या कागदाशेजारी ठेवली. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तरसुद्धा उद्याच्या माणसासाठी पुरावा आहे. कुणी मोजायचं टाळलं, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं.

आणि आत्ता हे जास्त महत्त्वाचं का आहे तेही सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८ मध्ये एक सुंदर वाक्य होतं : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे तुम्ही-आम्ही आणि खासदार एका रांगेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात त्या कलमाचा तो भाग बदलायची तरतूद झाली, आणि नव्या मजकुरात ते वाक्य नाही. आपलं दार अरुंद होत असेल तर खासदाराचं दार आपण जास्त वापरायला हवं.

तेव्हा दोनच कामं सांगतो.

पहिलं, उत्तरं वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर सगळी आहेत. खासदाराचं नाव टाका, विषय टाका, फाइल उघडते. मुख्य उत्तर कंटाळवाणं असेल, पण खाली जोडलेलं विवरणपत्र बघा. राज्यनिहाय, कधी जिल्हानिहाय आकडे असतात. आपल्या भागातलं रखडलेलं रेल्वेचं काम असो की पीक विम्याचे पैसे, सरकारनं त्याबद्दल आधी काय सांगितलंय ते हातात असेल तर निवेदन देताना बोलायची पद्धतच बदलते.

दुसरं, प्रश्न लिहून द्या. खासदाराकडे जाऊन ‘साहेब, आमचा विषय मांडा’ एवढं सांगून परत येऊ नका. प्रश्न लिहूनच न्या. प्रत्येक भाग स्वतंत्र उभा राहील असा. ‘झालं का, झालं असेल तर किती’ असा नको. कुठल्या योजनेत, कुठल्या तालुक्यात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती रुपये मंजूर, किती खर्च. कुठल्या कचेरीच्या रजिस्टरात हे असणार याचा आधी शोध घ्या आणि त्याच मंत्रालयाला विचारा. म्हणजे ‘उद्भवत नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

तेलंगांनी १८८५ ला मागितलेला हक्क आज आपल्या खासदाराच्या हातात आहे. तो वापरतो की नाही हे फ्लेक्सवर कळेल. नीट वापरतो की नाही हे उत्तर वाचल्यावरच कळेल.

आपल्या भागाबद्दलची अशी उत्तरं तुमच्यापैकी कुणी काढून ठेवली असतील तर खाली जरूर टाका, तारखेसकट. मी एका ठिकाणी लावून ठेवतो. पुढच्या फ्लेक्सखाली उभं राहून वाचायला बरी पडतील.